मॉड घ्यायचा, पण कुणाचा?

परीक्षा संपल्या की माझ्या कऱ्हाडच्या दुकानात येणाऱ्या लॅपटॉपच्या तक्रारी बदलतात. एरवी चार्जिंग होत नाही, बिजागरी तुटली, विंडोज रखडतं. सुट्टीत मात्र 'मॉड टाकला आणि गेम उघडेना'. या महिन्याची पत्रंही बरीचशी त्याच विषयावर आहेत, म्हणून प्रिंटर आणि वाय-फायचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

ज्यांच्या घरात हा शब्द अजून शिरला नाही त्यांच्यासाठी: मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच हौसेने तयार केलेली आणि मूळ खेळात भर घालणारी फाइल. कुणी नवा नकाशा बनवतं, कुणी नवे कपडे, तर कुणी कंपनीकडून राहून गेलेली एखादी चूक दुरुस्त करतं. पालकांनी याला रिकामटेकडा उद्योग समजू नये. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये सुरू झाला तो हाफ-लाइफ या खेळाचा मॉड म्हणूनच. तेव्हा मुलांनी मॉड वापरावेत, आणि जमलं तर बनवावेतही, असंच माझं मत आहे.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा आठवीत आहे. घरात लॅपटॉप एकच. त्यावरच मी जीएसटीची कामं आणि बँकेचे व्यवहार करते. त्याला माइनक्राफ्टमध्ये मॉड टाकायचे आहेत. अँटिव्हायरसने तपासून मग परवानगी दिली तर चालेल ना? (एक पालक, नाशिक)

उत्तर: ताई, तेवढ्यावर भागणार नाही. पण त्यासाठी मुलाला नाही म्हणायचीही गरज नाही.

तो माइनक्राफ्टची 'जावा एडिशन' ही संगणकावरची आवृत्ती खेळत असेल, तर त्याचा प्रत्येक मॉड हा एक पूर्ण प्रोग्राम असतो. खेळ सुरू झाला की तोही चालू होतो, आणि विंडोजच्या त्या खात्याला जे जे वाचता येतं ते सगळं त्यालाही वाचता येतं: तुमच्या एक्सेलच्या फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, सगळं. खेळाच्या आत त्याला अडवणारं काही नाही.

हे नुसतं भय दाखवणं नाही. जून २०२३ मध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा घातक प्रोग्राम माइनक्राफ्टच्या मॉडमध्ये सापडला, आणि तोही कुठल्या आडबाजूच्या साइटवर नाही, तर कर्सफोर्ज आणि बकिट या नावाजलेल्या ठिकाणी. तो ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणा आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपची खाती चोरायचा, आणि संगणकावरच्या इतर जार फाइलींतही (जावाचे प्रोग्राम अशा फाइलींत असतात) शिरायचा. सुरुवातीला बहुतेक अँटिव्हायरसना तो ओळखताच येत नव्हता. त्याचा माग काढला तो स्वतः मॉड बनवणाऱ्यांनी. त्यांनी एकत्र येऊन त्याचा कोड सोडवला, आपल्या संगणकात तो शिरलाय का हे कसं तपासायचं ते लिहून सगळ्यांसाठी खुलं केलं. मॉडच्या जगाबद्दल मला आदर वाटतो तो अशा वेळी.

तुम्ही दोन गोष्टी करा. पहिली आजच. विंडोजमध्ये मुलासाठी वेगळं खातं उघडा, 'स्टँडर्ड' प्रकारचं, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याला देऊ नका. तुमच्या खात्यालाही पासवर्ड हवाच. अशा खात्यातून चालणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या खात्यातल्या फाइली आणि पासवर्ड सहसा वाचता येत नाहीत. एखादा वाईट मॉड आलाच तर मुलाचं माइनक्राफ्टचं खातं धोक्यात येईल, तुमची बँक नाही.

दुसरी गोष्ट त्याच्याबरोबर बसून करा. त्याला हवे असलेले मॉड दोन गटांत वाटा. काही मॉडमध्ये फक्त चित्रं, आवाज आणि मजकूर असतो. माइनक्राफ्टमध्ये त्यांना रिसोर्स पॅक म्हणतात. त्यात चालणारा प्रोग्राम नसतो, म्हणून धोका अगदी कमी. दुसऱ्या गटात कोड, म्हणजे चालणारा प्रोग्राम, असतो. हा भेद जवळजवळ प्रत्येक खेळात सापडतो. द सिम्स ४ मध्ये कपडे आणि फर्निचर 'पॅकेज' फाइलमधून येतं, पण वागणूक बदलणारे मॉड 'टीएस४स्क्रिप्ट' फाइलमधून येतात आणि त्यात पायथन या भाषेतला कोड असतो. पहिल्या गटाला मोकळेपणाने हो म्हणा. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाची चौकशी करा.

चौकशी म्हणजे काय? मॉडच्या पानावर जाऊन बघायचं की हा माणूस किती दिवसांपासून काम करतोय. प्रत्येक आवृत्तीत काय बदललं ते लिहिलंय का. कोड कुणालाही वाचता येईल असा उघडा ठेवलाय का. लोकांनी मांडलेल्या अडचणींना त्याने उत्तरं दिली आहेत का, आणि चूक झाली तेव्हा काय केलं. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. २०२३ च्या नाताळच्या दिवशी 'स्ले द स्पायर' या खेळाच्या 'डाउनफॉल' या लोकप्रिय मॉडवर हल्ला झाला. बनवणाऱ्यांचं खातं चोरून कुणीतरी सुमारे तासभर पासवर्ड चोरणारी आवृत्ती लोकांपर्यंत पोचवली. पण खऱ्या निर्मात्यांनी लगेच जाहीरपणे सांगितलं की असं झालंय, कुणाला झळ बसली असेल आणि त्यांनी काय करावं. असा माणूस मला 'आमच्याकडे कधीच काही होत नाही' म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. आणि यावरून मुलाला एक सवय लावा: नवी आवृत्ती आली की त्याच दिवशी उडी मारायची नाही. चार दिवस जाऊ द्यायचे.

निळ्या चौकटीत 'अनोळखी प्रकाशक' असा इशारा आला म्हणून मात्र दचकू नका. हौशी माणसाकडे विकतचं डिजिटल प्रमाणपत्र नसतं, म्हणून विंडोज तसं म्हणतं. शंका असेल तर फाइल व्हायरसटोटलवर टाका. ती साइट एकच फाइल कितीतरी अँटिव्हायरसकडून तपासून देते. एखाद्याच अप्रसिद्ध नावाने 'जेनेरिक' असं मोघम काही म्हटलं, तर बहुतेकदा तो खोटा इशारा असतो. पाच-सात नामांकितांनी एकाच चोराचं नाव घेतलं, तर फाइल काढून टाका आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

प्रश्न: मी स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ बऱ्याच काळाने पुन्हा उघडला. मध्यंतरी खेळाची १.६ आवृत्ती आली होती म्हणे. आता काळी खिडकी लाल अक्षरांनी भरते आणि खेळ बंद पडतो. साठेक मॉड आहेत आणि माझं शेत तिसऱ्या वर्षात आहे. सगळं पुसून नव्याने टाकू का? कोणत्या मॉडने घात केला हे कळायचं कसं? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: काहीही पुसू नका. आणि ते शेत अजून उघडूही नका. नव्या आवृत्तीत एकदा जतन झालेलं शेत जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही. आधी त्याची प्रत काढा. विंडोजमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात अ‍ॅपडेटा, त्यात रोमिंग, त्यात स्टारड्यू व्हॅली आणि त्यात 'सेव्ह्ज'. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, 'हिडन आयटम्स'वर खूण करा म्हणजे दिसेल. सगळा 'सेव्ह्ज' फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. खेळाच्या मुख्य फोल्डरात 'सेव्ह-बॅकअप्स' असेल तर तोही घ्या. तुमचे मॉड चालवणारं स्मॅपी हे साधन तिथे आपणहून अलीकडच्या प्रती ठेवत असतं.

१.६ ही आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली आणि तिने खेळाच्या पोटातलं बरंच काही बदललं. जुने मॉड ज्या नावाने एखादी गोष्ट हाक मारून मागायचे, ते नावच आता तिथे नाही. यात कुणाचा घात नाही. मॉड लिहिणाऱ्याने तो ज्या खेळासाठी लिहिला, तो खेळच बदलला.

आता ती काळी खिडकी, म्हणजे स्मॅपीची. तिच्याकडे नीट बघा, कारण अख्ख्या मॉडविश्वात इतकं स्पष्ट बोलणारं दुसरं साधन मी क्वचित पाहिलंय. सुरुवातीलाच ती सांगते की कोणते मॉड तिने घेतलेच नाहीत आणि का: एकाला दुसरा मॉड लागतो आणि तो नाही, दुसरा या आवृत्तीशी जुळत नाही, तिसऱ्याच्या दोन प्रती सापडल्या. खाली ज्यांची नवी आवृत्ती आली आहे त्यांची यादी असते. लोक शेवटची लाल ओळ वाचतात. तुम्ही पहिली वाचा. एक मॉड कोसळला की त्याच्यावर अवलंबून असलेले मागोमाग कोसळतात आणि पडदा लाल होतो, पण मूळ दुखणं वरच्या ओळीत असतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्मॅपी नवं करा. मग कंटेंट पॅचरसारखे, ज्यांच्या खांद्यावर इतर मॉड उभे असतात, ते. मग बाकीचे. दर वेळी मॉडचा जुना फोल्डर बाहेर काढून नवा ठेवा. जुन्यावर नवा ओतलात तर दोन आवृत्त्यांच्या फाइलींची खिचडी होते. फक्त स्वतःच्या आवडीनिवडी ठेवलेली 'कॉन्फिग' फाइल जपून ठेवा. झिप सोडवताना फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असं होत नाही ना तेही बघा.

इतकं करूनही बंद पडला तर अर्धे-अर्धे करायचे. आधारभूत मॉड जागेवर राहू द्या, उरलेल्यांतले निम्मे बाहेर काढा आणि नवं कोरं शेत सुरू करून बघा. खेळ चालला तर दोषी बाहेरच्या निम्म्यात, नाही चालला तर आतल्यात. ज्या निम्म्यात दोष आहे त्याचे पुन्हा दोन भाग. साठ मॉड असतील तर सहा फेऱ्यांत एकावर येता. एकेक काढत बसलात तर दुपार जाईल. कधीकधी दोन मॉड वेगवेगळे नीट चालतात आणि एकत्र भांडतात. तेव्हा उत्तर दोन्ही भागांत लपलेलं असतं आणि जास्त चिकाटी लागते.

तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या शेताबद्दल मला खरी काळजी आहे ती वेगळी. ज्या मॉडने झाडं, वस्तू किंवा गावकरी दिले, तो काढलात तर त्या वस्तू 'एरर आयटम' होऊन पडतात. तेव्हा दुरुस्त न होणारा मॉड असा असेल, तर शेताची प्रत उघडून बघा आणि मगच ठरवा. नुसते रंग बदलणारा किंवा बाग कशी दिसावी ते बदलणारा मॉड असेल, तर तो बिनधास्त काढा.

वर नाशिकच्या ताईंना लिहिलं ते इथेही लागू आहे. जो मॉड आपण काय बदलतो ते उघड लिहितो, त्यात बिघाड झाला तर तो शोधता येतो. विश्वास आणि दुरुस्ती या दोन गोष्टी मी कधी वेगळ्या काढल्याच नाहीत. काय बदललं हेच जिथे लिहिलेलं नाही, तिथे मी ना विश्वास ठेवू शकते, ना दुरुस्ती करू शकते.

प्रश्न: ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७ ची डिस्क माझ्याकडे आहे. त्यावर नव्या आयपीएल संघांचा पॅच, म्हणजे चाहत्यांचा मॉड, टाकला. मेनू बदलला, पण संघात खेळाडू जुनेच आहेत आणि काही जर्सीही बदलल्या नाहीत. आता एका व्हिडिओत दुसरा पॅच दिलाय, त्याला पासवर्ड आहे आणि 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलंय. टाकू का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: दुसऱ्याचं आधी: नाही. पासवर्ड घातलेली रार फाइल (झिपसारखंच गाठोडं) कुठल्याच अँटिव्हायरसला आत शिरून तपासता येत नाही, आणि चोरांना तेच हवं असतं. त्यातून पहारेकरीच बंद करायला सांगितलं म्हणजे बोलणंच संपलं. जर्सी बदलायला चित्रांच्या फाइल लागतात, चित्रांवर अँटिव्हायरस ओरडत नाही. २०१५ मध्ये जीटीए ५ च्या 'अँग्री प्लेन्स' आणि 'नोक्लिप' या दोन मॉडमध्ये, तुम्ही कळफलकावर काय दाबता ते टिपणारा प्रोग्राम निघाला होता. तो गेम करोडो लोकांचा. आपल्या क्रिकेट ०७ वर लक्ष ठेवणारे त्यामानाने किती थोडे असतील, विचार करा.

आता तुमचा पहिला पॅच, ज्याच्याबद्दल लिहायला मला मनापासून आवडतं. हा खेळ २००६ च्या नोव्हेंबरचा आणि आयपीएल सुरू झाली एप्रिल २००८ मध्ये. म्हणजे मूळ खेळात आयपीएल असणं शक्यच नव्हतं. जे जे संघ, पोशाख आणि मैदानं तुम्ही त्यात पाहिलीत, ती सगळी चाहत्यांनी घातली. ईएने त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा खेळ काढला नाही, तरी आपल्याकडची पोरं अजून हा खेळतात, ते या लोकांच्या जोरावर.

खेळाडू जुने दिसण्याचं कारण बहुधा असं. जर्सी, चेहरे, मेनू हे खेळाच्या फोल्डरात बसतात. खेळाडूंची यादी, म्हणजे रोस्टर, वेगळी असते आणि ती डॉक्युमेंट्समधल्या खेळाच्या नावाच्या फोल्डरात ठेवून खेळाच्या आतून लोड करावी लागते. आणि आजकाल इथेच घोळ होतो: वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू असेल तर विंडोज तुमचं डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या आत नेऊन ठेवतं. नावं तीच असल्याने तुम्ही रोस्टर एका डॉक्युमेंट्समध्ये ठेवता आणि खेळ दुसऱ्यात शोधतो. खेळातून एक रोस्टर मुद्दाम जतन करा आणि तो नेमका कुठे गेला ते विंडोजच्या शोधखिडकीतून काढा. तीच खरी जागा.

काही जर्सी बदलल्या आणि काही नाही, हे प्रोग्राम फाइल्सचं दुखणं असू शकतं. व्हिस्टापासून विंडोज जुन्या प्रोग्रामांना त्या फोल्डरात लिहू देत नाही, पण तोंडावर नाहीही म्हणत नाही. रोस्टर किंवा जर्सी बदलणाऱ्या एखाद्या जुन्या साधनाने तिथे फाइल लिहिली, की ती गुपचूप अ‍ॅपडेटातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवली जाते. पुढे तुम्ही खऱ्या जागी नवी फाइल ठेवलीत तरी खेळाला व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनीच दाखवली जाते. तुम्ही पॅच चार वेळा टाका, फरक दिसणार नाही. दुकानात आलेल्या पोरांना मी तो फोल्डर उघडून दाखवते तेव्हा त्यांचा विश्वासच बसत नाही. उपाय सोपा आहे: खेळ काढून डी ड्राइव्हवर 'गेम्स' असा साधा फोल्डर करून तिथे नव्याने बसवा, आणि व्हर्च्युअलस्टोअरमधलं क्रिकेटचं फोल्डर रिकामं करा. मग पॅच टाकण्याआधी त्या अख्ख्या फोल्डराची एक प्रत बाजूला ठेवा. एका पॅचवर दुसरा टाकला की त्याच नावाच्या फाइल पुसल्या जातात आणि मग कोणती जर्सी कुणाची हे देवही सांगणार नाही. कोरी प्रत असली की पाच मिनिटांत पहिल्यापासून सुरू करता येतं.

विंडोज फाइलींच्या नावांचा शेवट लपवतं, तोही दाखवायला लावा. रोस्टर म्हणून आलेल्या फाइलीच्या नावाच्या शेवटी 'ईएक्सई' असेल तर ती रोस्टर नाही.

प्रश्न: व्हॅलोरंटमध्ये बंदुकांचे स्किन (वरचं रंगरूप) फुकट दिसतील असं चाहत्यांनी बनवलेलं टूल आहे. चालेल का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: नको. ज्या खेळात अनोळखी लोकांशी ऑनलाइन सामना होतो आणि फसवणूक पकडणारा पहारा चालू असतो, तिथे बाहेरून हात घालणारं काहीही लावलं तर खातं कायमचं बंद होऊ शकतं. फुकट स्किनच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही सर्रास फिरतात. मॉड त्याच खेळांत वापर जे तू एकटा किंवा ओळखीच्या मित्रांबरोबर खेळतोस.

प्रश्न: मी अकरावीत आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये एका मॉडने दिलेल्या बसवर मी आपल्या एसटीच्या लाल रंगाचं स्किन बनवलंय. मित्रांना द्यायचंय, पण ते म्हणतात, 'व्हायरस असेल.' त्यांना विश्वास कसा वाटेल? आणि एकाकडे बस नुसती पांढरी दिसते, ते का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: शाब्बास, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मित्रांचा संशय रास्त आहे, त्याचा राग मानू नकोस.

तुझ्या हातात मोठी सोय आहे. या खेळाची 'एससीएस' फाइल म्हणजे साधी झिप असू शकते. तू ती तशीच दे, इन्स्टॉलर बनवू नकोस. मग कुणीही उघडून बघू शकेल की आत फक्त चित्रं आणि मजकुराच्या फाइल आहेत. आतल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे मॉडची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये, तुझं टोपणनाव, मॉडची आवृत्ती, आणि खेळाच्या कोणत्या आवृत्तीवर तू तो तपासलास ते लिही. मराठीत एक छोटी टीप जोड: हा मॉड काय बदलतो, त्याला कोणती बस लागते, आणि काढायचा असेल तर काय पुसायचं. काढायची पद्धत स्वतःहून सांगणारा मॉड मी नेहमी आधी वापरून बघते.

बसचं मूळ मॉडेल ज्याने बनवलं, त्याची परवानगी घेतल्याशिवाय ते तुझ्या फाइलमध्ये घालू नकोस. तुझं स्किन तेवढं दे, आणि बस कुठून घ्यायची ते सांग. त्याने कितीतरी रात्री त्या बसवर घालवल्या असतील, त्याचं नाव तुझ्या टिपेत पहिलं यायला हवं.

पांढऱ्या बसची कारणं बहुतेक तीन. मित्राकडे बसची वेगळी आवृत्ती असेल, किंवा मॉड मॅनेजरमध्ये तुझं स्किन बसच्या खाली असेल (वरच्याचं चालतं, म्हणून ते वर हवं), किंवा चित्राच्या फाइलचा रस्ता तुझ्याच संगणकापुरता बरोबर असेल. त्याला खेळ एकदा चालू करून बंद करायला सांग. मग डॉक्युमेंट्समध्ये युरो ट्रक सिम्युलेटर २ च्या फोल्डरातली 'गेम लॉग' ही मजकुराची फाइल मागव आणि त्यात 'एरर' शोध. कोणती फाइल सापडली नाही ते तिथे नावानिशी लिहिलेलं असेल. लॉगमध्ये मित्राच्या विंडोज खात्याचं नाव दिसू शकतं, म्हणून ती फाइल सगळ्या ग्रुपवर न टाकता फक्त तुला पाठवायला सांग. तरी नाही सुटलं तर ती ओळ आणि मॅनिफेस्ट मला पाठव, पुढच्या अंकात बघू.